पडदा उन्हात पाहावा
लहान डिजिटल कॅमेऱ्याच्या निवडीविषयी

बंगळुरूच्या उत्तरेकडील येलहंका या उपनगराचे नाव मराठी वाचकाला दोन कारणांनी परिचित असते. इतिहासाची आवड असणाऱ्यास येलहंकाचे नाडप्रभू केम्पेगौडा आठवतात आणि १६३८ साली त्यांच्या वंशजांकडून बंगळूर जिंकून घेणाऱ्या आदिलशाही फौजेतील शहाजीराजेही आठवतात. इतरांच्या मनात येते ते तेथील हवाई दलाचे ठाणे आणि त्या ठाण्यावर १९९६ पासून साधारणतः दर दोन वर्षांनी भरणारे ‘एरो इंडिया’ हे विमानांचे प्रदर्शन. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्याची पंधरावी आवृत्ती पार पडली. रशियाचे सुखोई-५७ आणि अमेरिकेचे एफ-३५ ही दोन प्रतिस्पर्धी लढाऊ विमाने त्या वेळी एकाच मैदानावर प्रेक्षकांना पाहावयास मिळाली.

या प्रदर्शनास येणाऱ्यांत नोकरीनिमित्त बंगळुरूत स्थायिक झालेली मराठी कुटुंबे असतात, मुलांकडे मुक्कामास आलेले निवृत्त आईवडीलही असतात. ‘सूर्यकिरण’ पथकाची लाल-पांढरी हॉक विमाने किंवा ‘सारंग’ पथकाची मोरपिसांच्या रंगांनी सजलेली ध्रुव हेलिकॉप्टरे आकाशात आली की हजारो हात वर जातात. प्रत्येक हातात काही ना काही चित्र टिपणारे यंत्र असते. आणि नेमक्या त्याच वेळी अनेकांच्या ध्यानात येते की, हातातील कॅमेऱ्याच्या पडद्यावर विमान दिसतच नाही. दिसतो तो स्वतःचा चेहरा, टोपीची कड आणि अंगातील सदरा. विमान पाच-सात सेकंदांत निघून जाते.

कॅमेरा निकृष्ट असतो असे नव्हे. तो घेताना संवेदकाचे मेगापिक्सेल पाहिलेले असतात, झूम किती पट आहे हे पाहिलेले असते, किमतीची घासाघीसही झालेली असते. पडदा मात्र दुकानातील दिव्यांच्या उजेडात पाहिलेला असतो, आणि तेथे कोणताही पडदा सुरेखच दिसतो.

मोबाइल असताना कॅमेरा कशासाठी?

हा प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर बाजाराने बऱ्याच अंशी दिलेही आहे. जपानमधील कॅमेरा उत्पादकांच्या संघटनेच्या आकडेवारीनुसार २०१० साली भिंग न बदलता येणारे सुमारे १० कोटी ८० लाख डिजिटल कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले; २०२३ साली ती संख्या २० लाखांच्याही खाली होती. ज्या कॅसिओ कंपनीने १९९५ साली ‘क्यूव्ही-१०’ हा १.८ इंची रंगीत पडद्याचा कॅमेरा बाजारात आणून, काढलेले चित्र तेथल्या तेथे पाहण्याची सवय जगाला लावली, तिनेच २०१८ साली लहान कॅमेऱ्यांच्या व्यवसायातून अंग काढून घेतले.

तरीही एका कामात लहान कॅमेरा आजही उपयोगी पडतो, आणि ते काम म्हणजे दूरची वस्तू जवळ आणणे. तेजस विमानाची लांबी १३.२ मीटर आहे. ते ५०० मीटर अंतरावरून जात असेल, तर मोबाइलच्या नेहमीच्या मुख्य भिंगातून दिसणाऱ्या चौकटीची त्या अंतरावरील रुंदी सुमारे ७५० मीटर भरते. म्हणजे विमानाने व्यापलेला भाग दोन टक्क्यांहूनही कमी. चित्रात आकाश येते, विमान म्हणजे एक ठिपका. १५ पट प्रकाशीय झूम असलेल्या कॅमेऱ्यात हीच चौकट ५० मीटरांवर येते आणि विमान तिचा चौथा हिस्सा व्यापते. ४० पट झूमवर चौकट जेमतेम १९ मीटरांची उरते. कॅननच्या २०१८ सालच्या ‘पॉवरशॉट एसएक्स७४० एचएस’ या खिशात मावणाऱ्या कॅमेऱ्याला एवढा झूम होता. महागड्या मोबाइलांत आता दूरदर्शी भिंगेही असतात. परंतु खिशात मावणाऱ्या यंत्रात १५ ते ४० पट प्रकाशीय झूम हे अद्याप कॅमेऱ्याचेच क्षेत्र आहे.

मात्र ७५० मीटरांच्या चौकटीत विमान डोळे मिटूनही सापडेल. १९ मीटरांच्या चौकटीत ते शोधायचे तर पडदा स्वच्छ दिसलाच पाहिजे. झूम जितका अधिक, तितके पडद्यावरचे अवलंबन अधिक. पूर्वीच्या लहान कॅमेऱ्यांना डोळा लावून पाहण्याची काचेची खिडकी, म्हणजे व्ह्यूफाइंडर, असे. पडदे मोठे होत गेले आणि बहुतेक लहान कॅमेऱ्यांतून ती खिडकी नाहीशी झाली. तेव्हापासून नेम धरण्याचे सारे काम पडद्यावर येऊन पडले.

उन्हाशी स्पर्धा

दुकानातील प्रकाश साधारण ५०० लक्स असतो. भर दुपारच्या उन्हात तो एक लाख लक्सपर्यंत जातो. येलहंका परिसरात फेब्रुवारीच्या मध्यास सूर्य दुपारी क्षितिजापासून सुमारे ६४ अंश उंचीवर असतो आणि आकाश बहुधा निरभ्र असते. अशा उन्हात पडद्याची गाठ मुख्यतः सूर्याशी पडते असा समज आहे. प्रत्यक्षात ती बऱ्याचदा छायाचित्रकाराच्या सदऱ्याशी पडते.

पडद्याची तेजस्विता ‘निट’ या एककात मोजतात. लहान कॅमेऱ्याचा पडदा सर्वसाधारणपणे काही शे निट तेज देतो. भर उन्हात उभ्या असलेल्या माणसाचा पांढरा सदरा सुमारे २५,००० निटांनी झळकत असतो. साध्या काचेचा पृष्ठभाग त्यातील सुमारे ४ टक्के आरशासारखा परत पाठवतो. म्हणजेच पडद्यावर सदऱ्याचे जे प्रतिबिंब उमटते त्याचेच तेज १,००० निट झाले! खालचे चित्र त्यापुढे फिके पडणारच. त्याच जागी गडद निळा किंवा काळा सदरा असेल, तर प्रतिबिंब ६०-७० निटांवर येते आणि चित्र पुन्हा दिसू लागते. विमाने पाहावयास जाताना गडद रंगाचा सदरा घालावा, हा बिनखर्चाचा उपाय एखाद्या हजार रुपयांच्या उपकरणापेक्षा गुणकारी आहे. उन्हात गडद कपडे तापतात हे खरे; तेव्हा सकाळच्या सत्राची निवड करावी.

याच हिशेबातून दुसरी गोष्ट निघते. पडद्याला ओरखडे पडू नयेत म्हणून दुकानदार वर पारदर्शक चकती बसवून देतो. ती पडद्यास पूर्ण चिकटलेली नसेल आणि मध्ये हवेचा पापुद्रा राहिला असेल, तर एका पृष्ठभागाऐवजी तीन पृष्ठभाग प्रकाश परत पाठवतात. चार टक्क्यांचे जवळजवळ बारा टक्के होतात. चांगला पडदा मुद्दाम निवडायचा आणि वर पन्नास रुपयांची चकती लावून तो झाकायचा, असे अनेक घरांत घडते. चकती लावायचीच असेल तर संपूर्ण चिकटणारी आणि परावर्तनरोधक लेप असलेली घ्यावी.

कॅमेऱ्याच्या माहितीपत्रकात पडद्याचे तेज किती निट आहे हे उत्पादक बहुधा छापत नाहीत. मोबाइलचे उत्पादक हा आकडा ठळकपणे मिरवतात, कॅमेऱ्याचे मौन पाळतात. त्यामुळे ग्राहकापुढे एकच मार्ग राहतो : दुकानदाराच्या परवानगीने कॅमेरा दाराबाहेर उन्हात नेऊन पाहणे. सूचीपत्रात ‘पडद्याचे तेज’ नावाची सोय शोधावी, ती सर्वांत वरच्या पायरीवर न्यावी, सूर्याकडे पाठ करून समोरच्या इमारतीवरील पाटी पडद्यात वाचता येते का ते पाहावे. काही कॅमेऱ्यांत उन्हासाठी वेगळी पायरी असते. सोनीने २०१२ च्या ‘आरएक्स१००’ मध्ये तांबड्या, हिरव्या व निळ्या ठिपक्यांच्या जोडीला पांढरा ठिपका देऊन पडदा अधिक उजळ केला होता, तो याच अडचणीवरचा तोडगा होता. गॉगल घातला असेल तर तोही तपासावा. ध्रुवीकरण करणाऱ्या काचांतून काही पडदे विशिष्ट कोनात चक्क काळे दिसतात.

अधिक तेजाला अधिक वीज लागते हेही ध्यानात असू द्यावे. लहान कॅमेऱ्याच्या एका विद्युतघटावर प्रमाणित चाचणीत अडीचशेच्या आसपास चित्रे निघतात. पडदा सतत पूर्ण तेजावर ठेवल्यास हा आकडा आणखी घटतो. दुसरा विद्युतघट ही या छंदातली चैन समजू नये.

ठिपक्यांचे गणित

विक्रेते पडद्याचा आकार इंचांत आणि बारकावा ‘डॉट्स’मध्ये सांगतात. यातील डॉट म्हणजे पिक्सेल नव्हे. एका पिक्सेलसाठी तांबडा, हिरवा व निळा असे तीन ठिपके लागतात. म्हणून २.३ लाख ठिपक्यांचा पडदा म्हणजे केवळ ३२० गुणिले २४० पिक्सेल, आणि ९.२ लाखांचा म्हणजे ६४० गुणिले ४८०. पहिल्या प्रकारचे पडदे जुन्या किंवा वापरलेल्या कॅमेऱ्यांत आढळतात. अलीकडे तरुण पिढीत जुन्या डिजिटल कॅमेऱ्यांची हौस पुन्हा दिसते, त्यांनी हे विशेष पाहावे. नऊ लाखांच्या खालील पडदा आज नव्या कॅमेऱ्यात स्वीकारण्याचे कारण नाही.

आकारातही एक गोम आहे. तीन इंच हे माप कर्णाचे असते. पडदा ४:३ प्रमाणाचा असेल आणि चित्रही तसेच असेल, तर तीनही इंच कामी येतात. पडदा १६:९ असा लांबट असेल, तर ४:३ चे चित्र त्यात मध्यभागी अवघे अडीच इंची दिसते. दोन्ही बाजूंस काळ्या पट्ट्या राहतात. कागदावर दोन्ही पडदे ‘तीन इंची’च असतात.

पडदा उत्तम असला तरी त्याच्या भरवशावर चित्राची रेखीवता ठरवता येत नाही. दोन कोटी पिक्सेलचे चित्र तीन लाख पिक्सेलच्या पडद्यावर दाखवायचे म्हणजे दर पासष्ट पिक्सेलांमागे एकाची जागा. लहान पडद्यावर जवळपास प्रत्येक चित्र रेखीव दिसते, आणि घरी संगणकावर उघडल्यावर विमानाचा क्रमांक धूसर निघतो. चित्र काढल्यावर ते मोठे करून पाहण्याची कळ किती सहज हाताशी येते हे दुकानातच पाहून घ्यावे.

चष्मा आणि फिरता पडदा

निवृत्तीच्या वयातील ग्राहकांसाठी याहून महत्त्वाची एक बाब आहे, आणि तिची चर्चा क्वचितच होते. पंचेचाळिशीनंतर बहुतेकांना जवळचे पाहण्यास चष्मा लागतो. दुहेरी काचेच्या चष्म्यात जवळचे पाहण्याचा भाग खाली असतो. विमान डोक्यावरून जाताना कॅमेरा डोळ्यांच्या वर धरला, की पडदा चष्म्याच्या वरच्या, म्हणजे दूरचे पाहण्याच्या भागातून पाहावा लागतो. तो धूसर दिसतो. दोष पडद्याला दिला जातो. वास्तविक मान आणि चष्मा यांचा मेळ बसत नसतो.

पडदा बिजागरीवर उचलता येणारा असेल तर ही अडचण दूर होते. कॅमेरा छातीपाशी धरून भिंग वर करावे, पडदा उचलून खाली पाहावे. नजर आपोआप चष्म्याच्या योग्य भागातून जाते, हात थरथरत नाहीत आणि मानही दुखत नाही. गर्दीत पुढच्याच्या डोक्यावरून टिपायचे असेल तर तोच पडदा खालच्या बाजूस झुकवता यावा. काही पडदे एकाच दिशेला फिरतात, तेव्हा दोन्ही दिशा तपासून घ्याव्यात. स्थिर पडदा घ्यावयाचा असेल तर निदान तो वरून, खालून व बाजूने पाहून घ्यावा. स्वस्त पडद्यांत खालून पाहिल्यावर रंग उलटतात, काळे करडे होते. चांगल्या पडद्यांत चित्र जवळजवळ तसेच राहते.

डोळा लावून पाहण्याची खिडकी असलेला लहान कॅमेरा मिळाला तर उन्हाचा प्रश्न बव्हंशी सुटतो, कारण डोळ्याभोवती अंधार असतो. सोनीच्या ‘आरएक्स१००’ मालिकेत २०१४ च्या तिसऱ्या आवृत्तीपासून वर उचलता येणारी अशी इलेक्ट्रॉनिक खिडकी आली. ती महाग पडते आणि चष्मा असणाऱ्यास तिची सवय व्हावी लागते. तरीही वारंवार पक्षी किंवा विमाने टिपणाऱ्याने पैसे खर्चायचेच असतील, तर चार मेगापिक्सेल अधिक घेण्यापेक्षा या खिडकीवर खर्चणे श्रेयस्कर. वर्षातून एखाददुसऱ्या सहलीला कॅमेरा नेणाऱ्यास उचलता येणारा पडदा पुरेसा आहे.

विमान पुढे, चित्र मागे

पडद्यावरील चित्र प्रत्यक्षाच्या किंचित मागे असते. ताशी ७२० किलोमीटर वेगाचे विमान सेकंदाला २०० मीटर जाते. पडदा सेकंदाच्या दहाव्या भागाने जरी मागे असला, तरी तेवढ्यात विमान २० मीटर, म्हणजे तेजसच्या स्वतःच्या लांबीहून अधिक, पुढे गेलेले असते. ४० पट झूमच्या १९ मीटरी चौकटीतून ते बाहेरच पडलेले असते. यास्तव झूम आरंभी कमी ठेवावा, विमान चौकटीत सापडले की त्याबरोबर कॅमेरा सावकाश फिरवीत झूम वाढवावा. दुकानात याची चाचणी सोपी आहे : रस्त्यावरील रिक्षा किंवा दुचाकी पडद्यात धरून कॅमेरा फिरवावा. चित्र अडखळत सरकते की प्रवाही राहते, आणि कळ दाबल्यावर पडदा किती वेळ काळा होतो, हे लगेच कळते.

उन्हातील पडदा आणखी एका बाबतीत फसवतो. तो अंधुक दिसतो म्हणून चित्रच अंधुक आले असे वाटते, आणि माणूस प्रकाश वाढवीत जातो. घरी पाहावे तो आकाश पांढरेफटक. त्याउलट उजळ आकाशापुढे विमान खरोखरच काळे येत असते. यावर पडद्याच्या तेजावर अवलंबून नसलेला साक्षीदार म्हणजे ‘हिस्टोग्राम’ हा लहानसा आलेख. त्याची डावी बाजू काळोखाची व उजवी उजेडाची. आलेख उजव्या कडेला आदळत असेल तर आकाशातील तपशील गेला. सारा डावीकडे गोळा झाला असेल तर प्रकाश एखादी पायरी वाढवावा. नेम धरतानाच हा आलेख पडद्यावर दाखवणारा कॅमेरा पसंत करावा. काहींत तो चित्र काढून झाल्यावरच दिसतो.

खरेदीच्या वेळी

चांगल्या लहान कॅमेऱ्यास आज अनेकांच्या महिन्याच्या पगाराइतकी रक्कम मोजावी लागते. डिजिटल कॅमेऱ्यावरील वस्तू व सेवा कर १ जानेवारी २०१९ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला. पावतीविना मिळणारी ‘सूट’ पुष्कळदा याच कराएवढी असते आणि तिच्या मोबदल्यात हमीपत्र जाते. आयात मालाच्या खोक्यावर आयातदाराचे नाव, पत्ता व कमाल किरकोळ किंमत छापलेली असणे आवश्यक आहे. ते नसल्यास माल अधिकृत मार्गाने आला नसण्याची शक्यता असते. कॅमेऱ्यावरील अनुक्रमांक पावतीवर आणि हमीपत्रावर तोच असल्याची खात्री काउंटरवरच करून घ्यावी.

हप्त्यांनी घेणाऱ्यांनी ‘शून्य टक्के व्याज’ या शब्दांपाशी थोडे थांबावे. शून्य टक्के व्याज अशी वस्तुतः काही गोष्ट नसते, हे रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना कळविले होते. व्याज बहुधा किमतीत किंवा नाकारलेल्या सवलतीत दडलेले असते. रोख घेतल्यास किंमत किती, हप्त्यांची एकूण बेरीज किती, प्रक्रिया शुल्क आणि त्यावरील कर किती, हे तीन आकडे एका कागदावर लिहून घेतले की चित्र स्पष्ट होते, आणि तेही कोणत्याही पडद्याविना.

ऑनलाइन मागवताना उन्हाची चाचणी आधी करता येत नाही. म्हणून माल परत करण्याची मुदत किती दिवसांची आहे व कोणत्या कारणांसाठी आहे हे आधी वाचावे. पुष्कळ विक्रेते केवळ सदोष वस्तू बदलून देतात, न आवडलेली नव्हे. मुदत असेल तर कॅमेरा आल्याच्या दुसऱ्याच दिवशी दुपारी गच्चीवर न्यावा. पडदा पूर्ण तेजावर ठेवून, चकती न लावता, मावळत्या झूमपासून नव्हे तर पूर्ण झूमवर, लांबच्या झाडावरील कावळा धरून पाहावा. पडद्यावर एका रंगाचे चित्र आणून त्यात कायम काळा वा कायम पेटलेला ठिपका आहे का तेही पाहावे. दोष आढळल्यास आणि विक्रेता दाद देत नसल्यास राष्ट्रीय ग्राहक मदतवाहिनीचा १९१५ हा क्रमांक आहे. तक्रारीच्या वेळी पावती व खोके दोन्ही लागतात, म्हणून मुदत संपेपर्यंत खोके रद्दीत देऊ नये.

येलहंका येथे जाणाऱ्यांसाठी एक सूचना. प्रदर्शनाचे दिवस वगळता ते हवाई दलाचे कार्यरत ठाणे आहे आणि लष्करी ठिकाणांचे छायाचित्रण कायद्याने निषिद्ध आहे. तेव्हा सरावासाठी ठाण्याच्या कुंपणापाशी कॅमेरा घेऊन उभे राहू नये. सराव जवळच्या पुट्टेनहळ्ळी तलावाकाठी करावा. तेथील बगळे आणि चित्रबलाक विमानापेक्षा सावकाश उडतात, पाण्यावरून येणारी सकाळची तिरीप पडद्याची परीक्षाही चांगली घेते.